‘आढळले नाही’ याचा अर्थ

जिल्ह्याच्या पानावरच्या बातम्या तुम्ही वाचत असाल, तर एक वाक्य तुम्हांला पाठच झाले असेल : ‘मृत्यूचे कारण स्पष्ट न झाल्याने व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ बातमी तेथे संपते. पुढे काय झाले हे वर्तमानपत्र क्वचितच सांगते, आणि आपणही विचारीत नाही. व्हिसेरा म्हणजे शरीराच्या आतील अवयव, येथे जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे. ते राखून ठेवले म्हणजे कोठे ठेवले? कशात ठेवले? त्यांना कोण काय विचारणार? या लहानशा वाक्यामागे एक मोठे शास्त्र उभे आहे. त्याला मराठीत न्यायसहायक विज्ञान म्हणतात. नाव थोडे अवघड असले तरी चोख आहे. हे विज्ञान न्याय करीत नाही, न्यायाला साहाय्य करते. या लेखात मला जे सांगायचे आहे ते बरेचसे या एका शब्दावर उभे आहे.

प्रथम त्या बरणीचा प्रवास पाहू. राहाता तालुक्यातील राहाता, शिर्डी किंवा लोणी यांपैकी कोणत्याही पोलीस ठाण्याच्या हद्दीत एखादा संशयास्पद मृत्यू झाला असे समजा. शवविच्छेदन करणारा डॉक्टर अवयवांचे तुकडे काचेच्या स्वच्छ, रुंद तोंडाच्या बरण्यांत ठेवतो आणि त्यांवर ओततो... काय बरे ओततो? तुमच्यापैकी पुष्कळ जण म्हणतील फॉर्मॅलिन, कारण शाळेच्या कपाटातला बेडूक त्यातच असतो. पण येथे फॉर्मॅलिन चालत नाही, त्याने विषाचा शोध अवघड होतो. येथे लागते आपले साधे मीठ. पाण्यात आणखी विरघळणार नाही इतके मीठ घालून केलेले संपृक्त द्रावण. लोणच्याला जे तत्त्व तेच येथे! शिवाय ज्या मिठाच्या द्रावणात अवयव ठेवले, त्याच द्रावणाचा थोडा नमुना वेगळ्या बाटलीत पाठवावा लागतो. उद्या विष सापडले तर ते अवयवांतले की मिठातले, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर त्या बाटलीत असते. मग बरणीवर चिठ्ठी, सही, लाखेचे सील, आणि सीलचा नमुना वेगळा. नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत, पुणे, नागपूर, अमरावती येथेही आहेत, आणि मुख्य प्रयोगशाळा मुंबईला कालिना येथे आहे. तेथे बरणी हाती घेणारा माणूस सर्वांत आधी विष शोधीत नाही. तो सील पाहतो. सील फुटलेले असेल तर आतल्या अवयवांनी कितीही खरे सांगितले तरी त्यांची साक्ष लंगडी पडते.

रक्ताच्या कपड्यांचेही असेच. ओला, रक्ताने माखलेला सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर आत जंतू वाढतात आणि रक्त कुजते. तो सावलीत वाळवून कागदात गुंडाळावा लागतो. किती साधी गोष्ट! आणि याच साध्या गोष्टीत चूक झाली तर लाखो रुपयांचे यंत्र काही करू शकत नाही.

हे शास्त्र सर्वस्वी पाश्चात्त्यांचे, असे मात्र समजू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणाचा सातवा अध्याय अकस्मात मृत्यू आलेल्याच्या परीक्षेचा आहे. प्रेत तेल लावून तपासावे, गळा आवळलेला, बुडालेला, विष दिलेला यांची लक्षणे वेगवेगळी ओळखावीत असे त्यात सांगितले आहे. विषाच्या संशयात मृताच्या शरीरातून काढलेला अंश अग्नीत टाकून पाहावा, तडतड आवाज आला किंवा इंद्रधनुष्याचे रंग दिसले तर विष समजावे, असेही त्यात आहे. ही कसोटी आज कोणी मानणार नाही. परंतु मृताला प्रश्न विचारता येतो, ही कल्पना तेथे आहे आणि तीच महत्त्वाची. उगाच अभिमानाने फुगण्याचे मात्र कारण नाही, कारण ती कल्पना पुढे नेऊन आपण प्रयोगशाळा उभारल्या नाहीत. मुंबईची रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा निघाली ती १८७० च्या सुमारास, इंग्रजी अमलात. बोटांच्या ठशांची गोष्ट मात्र निराळी. ठशांचे वर्गीकरण करून नोंदी ठेवणारे कार्यालय कोलकात्यात १८९७ साली सुरू झाले, आणि त्या वर्गीकरणामागचे पुष्कळसे गणित अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचे होते. पद्धतीला नाव मिळाले ते त्यांच्या साहेबाचे, हेन्री यांचे!

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. फेब्रुवारी २०१७ मध्ये निवडणुकीच्या दिवसांत पांगरमल या गावी जेवणावळीत दारू वाटली गेली आणि ती विषारी निघाली. अनेकांचे प्राण गेले. अशा दुर्घटना महाराष्ट्राला नव्या नाहीत. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे मेली, ती मिथेनॉलने. मिथेनॉल हा अल्कोहोलचाच लहान भाऊ. एक कार्बन, चार हायड्रोजन, एक ऑक्सिजन. दिसायला तसाच, वासाला जवळजवळ तसाच. शरीरात गेल्यावर मात्र त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होते. मुंगीच्या दंशातले हेच आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाव घालते. म्हणून अशा दारूने माणूस आंधळा होतो.

प्रयोगशाळेत हे कसे ओळखतात? जुनी रीत तुमच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना समजावून सांगता येईल. नमुन्यातल्या मिथेनॉलचे पोटॅशियम परमँगनेटने ऑक्सिडीकरण करून फॉर्माल्डिहाइड बनवायचे, मग क्रोमोट्रोपिक आम्ल व तीव्र गंधकाम्ल घालायचे. जांभळा रंग आला की मिथेनॉल असल्याचा संशय बळावतो. आज हेच काम वायू वर्णलेखन यंत्र काही मिनिटांत करते आणि प्रमाणही सांगते. गंमत अशी की, शरीरातही हेच घडत असते. रसायन एकच, परीक्षानळी तेवढी वेगळी. आणि उत्तर लवकर मिळाले तर त्याचा उपयोग न्यायालयाच्या आधी रुग्णालयाला होतो, कारण मिथेनॉलवर उतारा आहे. इतरांचे जीव वाचू शकतात.

कादंबऱ्या वाचून तुमची अशी समजूत झाली असेल की, या प्रयोगशाळांत रोज खुनाची कोडी सुटतात. प्रत्यक्षात दारूबंदी कायद्याखाली आलेल्या बाटल्या आणि वाहनचालकांच्या रक्ताचे नमुने यांचा तेथे सदैव ढीग असतो. बाटलीमागून बाटली, त्याच काळजीने, तोच कंटाळा गिळून. मला या कंटाळ्याविषयी फार आदर आहे. शंभरावी बाटली पहिलीसारखी तपासणे हेच या कामाचे मोठेपण आहे, आणि चित्रपटात ते दाखवता येत नाही.

शेतीच्या मुलखात आणखी एक विष वारंवार येते, ते म्हणजे कीटकनाशक. ऊस, पेरू, भाजीपाला यांसाठी घरात आणून ठेवलेली बाटली कधी चुकून, कधी रागाच्या भरात पोटात जाते. पूर्वी एंड्रिन हे नाव खेडोपाडी सर्वांना ठाऊक होते. पुढे फॉस्फरसयुक्त कीटकनाशके आली. ती ओळखण्यासाठी काचपट्टीवर सिलिकाचा पातळ थर देतात, त्यावर नमुन्याचा ठिपका ठेवतात आणि पट्टीची कड द्रावकात बुडवतात. द्रावक वर चढतो आणि त्याच्याबरोबर निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या उंचीपर्यंत जातात. मग पट्टीवर एखादे अभिकर्मक फवारले की ठिपके रंगीत दिसू लागतात. तुम्हांला सांगायला आनंद वाटतो की, असली कित्येक नवी फवारणी-अभिकर्मके आपल्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात शोधून काढली व त्यांवरचे निबंध परदेशी नियतकालिकांत छापून आले. येथे येणाऱ्या बरण्यांत जी विषे होती, त्यांचीच उत्तरे त्यांनी शोधली. संशोधनाचा विषय दूर शोधावा लागत नाही, तो कधी कधी लाखेचे सील लावून टेबलावर येतो.

हा प्रयोग तुम्ही वर्गात करून पाहा. टीपकागदाच्या दोन पट्ट्या घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन काळ्या स्केचपेनांनी खालच्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर ठिपके द्या आणि कड पाण्यात बुडवा. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहिला पाहिजे. दोन्ही काळे रंग किती निरनिराळ्या रंगांचे बनले आहेत ते दिसेल. खाडाखोड केलेल्या सातबाऱ्यावरचा किंवा धनादेशावरचा आकडा त्याच शाईचा आहे की दुसऱ्या, हे ओळखण्याची एक रीत याच तत्त्वावर आहे. बॉलपेनची शाई पाण्यात उतरत नाही, तिला स्पिरिट लागते. का, ते शिक्षकांना विचारा.

आता विहिरीकडे वळू. आपल्या तालुक्यात विहिरी आहेत, गोदावरीचा उजवा कालवा आहे. पाण्यात प्रेत सापडले की पहिला प्रश्न असा : माणूस बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला? उत्तर देण्यात एक अतिसूक्ष्म वनस्पती मदत करते. तिचे नाव डायाटम. ही एकपेशीय शैवले सिलिकाच्या, म्हणजे जवळजवळ काचेच्या पेटीत राहतात. बुडणारा जिवंत माणूस पाणी श्वासाबरोबर आत ओढतो. त्या पाण्यातले डायाटम फुप्फुसातून रक्तात आणि रक्ताबरोबर हाडांतल्या मगजापर्यंत जाऊ शकतात. हृदय बंद पडलेले असेल तर तेथवर त्यांना कोण नेणार? म्हणून हाडातला मगज तीव्र आम्लात विरघळवतात. मांस जाते, काच उरते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. विहिरीतले डायाटम आणि कालव्यातले डायाटम पुष्कळदा निरनिराळ्या जातींचे असतात, म्हणून त्या जागेच्या पाण्याचा नमुनाही सोबत लागतो.

पण थांबा. डायाटम सापडले नाहीत, तर तो माणूस बुडाला नाही असे म्हणता येईल का? नाही. पाण्यातच ते कमी असतील, बुडताना घसा आवळून पाणी फारसे आत गेलेच नसेल. आणि एखाद-दुसरा सापडला म्हणून बुडालाच असेही नाही, तो प्रयोगशाळेच्या पाण्यातूनही आलेला असू शकतो. या परीक्षेवर शास्त्रज्ञांचे अजूनही एकमत नाही. अहवाल लिहिणाऱ्याला हे सगळे डोक्यात ठेवून एक वाक्य लिहायचे असते. ते वाक्य काय असावे यावर एखाद्याचे आयुष्य टांगलेले असते.

यावर महाराष्ट्रातला एक गाजलेला खटला तुम्हांला सांगतो. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे नावाच्या मधुमेही, सधन विधवा बाई आपल्या डॉक्टरबरोबर, अनंत चिंतामण लागू यांच्याबरोबर, रेल्वेने मुंबईस निघाल्या. पहाटे गाडी मुंबईला पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले गेले ते दुसऱ्याच नावाने. दुपार होण्यापूर्वी त्या वारल्या. प्रेतावर कोणी हक्क सांगितला नाही. शवविच्छेदन झाले ते दहा दिवसांनी, २३ नोव्हेंबरला. इकडे पुण्यात बाईंच्या नावाने नातलगांना पत्रे येत राहिली की, आपण लग्न करून परमुलखात संसार थाटला आहे. मालमत्ता मात्र डॉक्टरांच्या हाती जात होती. रुग्णालयात काढून ठेवलेल्या छायाचित्रावरून पुढे ओळख पटली आणि खटला उभा राहिला.

रासायनिक विश्लेषकाचा अहवाल काय होता? विष आढळले नाही.

क्षणभर त्या विश्लेषकाच्या खुर्चीत बसून पाहा. पुढे साऱ्या महाराष्ट्रात खळबळ उडाली. ‘थोडे विष असावे असे वाटते’ असे लिहिणे किती सोपे झाले असते! परंतु परीक्षेत जे दिसले नाही ते कागदावर आले नाही. खटला पुण्याच्या सत्र न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर १९५९ रोजी निकाल लागला. दोन न्यायमूर्तींनी म्हटले की, सर्वच विषे सापडतात असे नाही, प्रेत दहा दिवस पडून होते, आणि आरोपीचे आधीचे व नंतरचे सारे वर्तन एकत्र पाहिले तर त्याने विष दिले हाच निष्कर्ष निघतो. तिसऱ्या न्यायमूर्तींना ते पटले नाही. विषाने मृत्यू झाला हेच सिद्ध झालेले नाही, असे त्यांचे मत होते. बहुमताने शिक्षा कायम झाली.

या खटल्याचा हवाला देऊन ‘पाहा, विज्ञान हरले’ असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. माझ्या मते विज्ञानाने तेथे आपले काम अगदी चोख केले. ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नव्हते’ असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की, या नमुन्यात, इतक्या दिवसांनी, या परीक्षांनी, सापडले नाही. न्यायालयाने तो तसाच वाचला आणि बाकीचा पुरावा स्वतः तोलला. विश्लेषकाने आपल्या मर्यादेपलीकडे एक शब्द लिहिला असता तर तिसऱ्या न्यायमूर्तींच्या शंकेला उत्तर मिळाले नसते, फक्त ती शंका दडपली गेली असती.

उलट बाजूही पाहा. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ दोन मुलींचे खून झाले होते. १९८६ साली एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यांपैकी एका खुनाची कबुली दिली. पोलिसांना वाटले, काम झाले. त्याच शहरातल्या विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची रीत शोधली होती. ती वापरून पाहिली तर दोन्ही खून एकाच माणसाचे, पण तो माणूस हा मुलगा नव्हे! खऱ्या गुन्हेगाराला १९८८ मध्ये शिक्षा झाली. या रीतीने गुन्हेगार पकडण्याआधी एक निरपराध सोडवला, आणि तोही कबुली दिलेला. कबुलीपेक्षा डीएनएची परीक्षा खरी ठरली. येथेही ‘जुळत नाही’ हा नकारच मोलाचा होता.

दूरदर्शनच्या मालिकांत शास्त्रज्ञ बोट रोखून ‘हाच तो!’ म्हणतो. खरा शास्त्रज्ञ असे म्हणत नाही, आणि म्हणू लागला तर त्याच्यापासून सावध राहावे. माणसाला औषध टोचून बोलते करण्याच्या परीक्षांचा आपल्याकडे एके काळी मोठा गवगवा होता. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. मला तो योग्य वाटतो. त्या परीक्षा झटपट ‘होय’ मिळवण्यासाठी होत्या.

आता पुढचा प्रश्न तुमच्याशी संबंधित आहे. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा केला पाहिजे असे तिच्या १७६ व्या कलमात आहे. ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. महाराष्ट्रात त्यासाठी फिरत्या प्रयोगशाळांच्या गाड्या आल्या आहेत. कायदा चांगला आहे. परंतु गाडी राहात्याच्या एखाद्या वस्तीवर पोहोचेपर्यंत तेथे काय झालेले असते? निम्मे गाव जमलेले असते. पायांचे ठसे तुडवले जातात, कोणी दाराची कडी हाताळतो, कोणी दयाबुद्धीने प्रेतावर चादर घालतो, कोणी अंगण झाडून काढतो. अलीकडे कोणी मोबाइलवर चित्रफीतही घेतो. फ्रान्समध्ये लियाँ येथे १९१० साली पोलिसांची प्रयोगशाळा काढणारे एडमंड लोकार यांचे म्हणणे असे की, दोन वस्तूंचा स्पर्श झाला की एकीचे काहीतरी दुसरीवर राहते. मग शंभर माणसांच्या स्पर्शाने काय काय राहिले आणि काय काय पुसले गेले, ते कोण सांगणार? यंत्रे वाढवण्याइतकेच हे गावाला शिकवणे गरजेचे आहे, आणि ते पोलिसांपेक्षा शाळा चांगले शिकवू शकते असे माझे मत आहे.

आणि माणसेही लागणार आहेत. २००९ पासून मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे या विषयाच्या शासकीय संस्था आहेत. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांना तेथे वाट आहे. मुलींना ही नोकरी जमेल का, अशी शंका काढणाऱ्या पालकांना डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ती यांचे नाव सांगा. १९७४ मध्ये त्या मुंबईच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या, १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील स्फोटकांच्या तपासणीत त्यांचा वाटा होता, आणि पुढे त्या राज्याच्या सर्व न्यायसहायक प्रयोगशाळांच्या संचालक झाल्या.

शिक्षकांना एक सुचवतो. पंचनामा हा शब्द आपल्या भाषेत इतका रुळला आहे की, त्यातले विज्ञान आपल्याला दिसेनासे झाले आहे. चांगला पंचनामा आणि चांगली प्रयोगवही यांत फारसा फरक नसतो. एखाद्या शनिवारी वर्गातले एक टेबल मुलांच्या नकळत मांडून ठेवा. उलटा पेला, सांडलेले पाणी, अर्धवट खाल्लेला पेरू, एक चप्पल. दोन-दोन मुलांना पंच करून दहा मिनिटांत लिहायला सांगा. काही हलवायचे नाही, अंतरे पट्टीने मोजायची, वेळ लिहायची. मग वह्या वाचा आणि ‘कोणीतरी घाईत पळाला’ असे जेथे जेथे लिहिले असेल, तेथे तांबड्या शाईने विचारा : हे तू पाहिलेस का? पेरूवर दातांच्या खुणा होत्या हे किती जणांनी लिहिले, आणि त्या कोणत्या बाजूला होत्या हे किती जणांनी, ते मोजा. पेला डावीकडे कलला होता असे एकाने आणि उजवीकडे असे दुसऱ्याने लिहिले असेल, तर दोघेही टेबलाच्या कोणत्या बाजूला उभे होते ते विचारा.